गोधडी सुईकडे येते तेव्हा

मशीनवर गोधडी शिवताना टाके लहानमोठे पडायला लागले, की बहुतेकांचा हात आधी टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या चकतीकडे जातो. ती बिचारी समोरच असते आणि फिरवायलाही सोपी. पण टाक्याच्या लांबीत तिचा फारसा हात नसतो. टेन्शन बिघडलं तर वरचा दोरा ताठ पडून राहतो, नाहीतर खालच्या बाजूला दोऱ्याची भेंडोळी होतात. टाका किती लांब, हे सुई वर असताना कापड किती सरकलं त्यावर ठरतं. तेव्हा चकतीला सोडून द्यावं आणि कापड कुठे अडतंय ते बघावं.

त्यासाठीच तर वॉकिंग फूट असतो. साधा फूट, म्हणजे सुईपाशी कापडावर टेकणारा मशीनचा पाय, कापड नुसतं दाबून धरतो, सरकवायचं काम खालचे दाते करतात. ब्लाउजच्या दोन पदरांना तेवढं पुरतं. गोधडीत मात्र दाते अस्तर घेऊन निघतात, मध्ये कापूस, आणि वरचं कापड रेंगाळतं. वॉकिंग फूटला खालच्या अंगाला स्वतःचे दाते असतात. त्याची बाजूची दांडी सुईच्या स्क्रूवर बसवायची. मग सुई जशी वरखाली होते तसे हे दातेही खालच्यांच्या बरोबरीनं पावलं टाकतात. ती दांडी स्क्रूवर नीट बसलीच नसेल, तर महागडा फूट म्हणजे नुसता ठोकळा. शिवाय तिच्या धक्क्यांनी सुईचा स्क्रू हळूहळू सैल होतो. तो बोटानं नाही, स्क्रूड्रायव्हरनं आवळावा.

एवढं करूनही टाके वाकुल्या दाखवत असतील तर उलगडायला धावू नये. टीप आधी नीट बघावी, ती बरंच सांगते. मध्येच एखादा टाका बरोबर दुप्पट लांब दिसला, तर तिथे टाका सुटलाय. सुई बोथट झालेली असते किंवा त्या जाडीला बारीक पडते. 14 किंवा 16 नंबरची नवी सुई लावली की बहुधा भागतं. दर तुकड्याच्या जोडापाशी टाके बारीक होत असतील, तर फूट शिवणीचा उंचवटा चढताना दमतोय. तिथे वेग कमी करावा, आणि पुढच्या वेळी तुकडे जोडतानाच शिवणी इस्त्रीनं नीट बसवून घ्याव्यात.

पण सगळ्यात मोठं कारण मशीनमध्ये नसतंच. ते टेबलावरून खाली लोंबत असतं.

आपल्याकडे बायका गोधडी जमिनीवर पसरून शिवत आल्या. जुन्या लुगड्यांचे पदर खाली अंथरायचे, कडेला बसायचं आणि धावदोरा घालत सरकायचं. गोधडीचं सगळं वजन जमिनीवर असतं. सुई आणि शिवणारी दोघी तिच्याभोवती फिरतात. मशीननं हा सगळा व्यवहार उलटा केला. सुई जागची हलत नाही, डबलबेडची अख्खी गोधडी उठून तिच्याकडे यायची. त्यातही घरच्या मशीनच्या सुईपासून खांबापर्यंत जागा असते जेमतेम सहा-सात इंच. त्या फटीतून अर्ध्या गोधडीची गुंडाळी न्यायची, उरलेली डावीकडून आणि मागून खाली लटकलेली. एवढा भार ओढायला त्या चिमुकल्या दात्यांना कुणी सांगितलंय? कापड मागे खेचलं जातं, टाका आखडतो. मग आपण मदत म्हणून गोधडी ओढतो आणि टाका ताणला जातो. माझ्या मते निम्मी अधिक तक्रार ही आपल्या मदतीची आहे.

उपाय अगदी घरगुती. टेबल भिंतीला लावून मागची बाजू बंद करावी, डावीकडे इस्त्रीचं टेबल त्याच उंचीला उभं करावं. सुईपुढचा भाग नेहमी सैल, मांडीवर किंवा टेबलावर गोळा केलेला असू द्यावा. हातांनी फक्त दिशा दाखवावी. सुरुवात मधल्या ओळीपासून करावी, म्हणजे झोळ कडेकडे सरकत जातो. आणि टाका ब्लाउजपेक्षा मोठा, 3 ते 3.5 मिलिमीटरचा ठेवावा. अडीचवर जाड गोधडीत तो नुसता रुतून बसतो आणि आखडल्यासारखा दिसतो.

उसवायचं किती? मी सुटलेले टाके तेवढे उसवते. बाकी सुती गोधडी पहिल्या धुण्यात आटते, तिला सुरकुत्या पडतात, आणि तीन मिलिमीटर कुठे नि पावणेतीन कुठे, हे फूटपट्टी घेऊन बसणाऱ्यालाच दिसतं. अशा पाहुण्याला चादर द्यावी.