तुम्ही विचारलंत म्हणून : ‘कारिरु’ म्हणजे उसने घेणे की भाड्याने घेणे?

पुण्यात जपानी शिकवू लागल्यापासून हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक नव्या तुकडीत विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा नोकरीसाठी जपानला निघालेले असतात. वाचनालयातून पुस्तक आणले तरी ‘कारिरु’, मित्राची छत्री घेतली तरी ‘कारिरु’, दरमहा घसघशीत भाडे मोजून खोली घेतली तरी ‘कारिरु’ आणि बँकेचे कर्ज काढले तरीही ‘कारिरु’च, मग पैसे द्यायचे आहेत की नाहीत, हे ऐकणाऱ्याला कळते कसे?

माझे उत्तर असे, की या क्रियापदाला ते सांगायचेच नसते. वस्तू दुसऱ्याची आहे, तूर्त ती माझ्या वापरात आहे आणि पुढेमागे ती परत करायची आहे, एवढे सांगून ते मोकळे होते. मोबदल्याचा हिशेब उरलेल्या वाक्यावर आणि व्यवहारज्ञानावर सोडलेला असतो. ‘हेया ओ कारिरु’, म्हणजे खोली घेणे, असे म्हटले की भाडे गृहीतच असते. ‘कुरुमा ओ कारिरु’ म्हटले तर ती मोटार मामाचीही असू शकते. पण ‘रेन्ताकाआ’, म्हणजे भाड्याची मोटार, जोडून ‘रेन्ताकाआ ओ कारिरु’ म्हटले की पैसे मोजले हे उघड झाले. आपल्याला हे तोकडे वाटते, कारण मराठीत उसने, उधार, कर्जाऊ, भाड्याने आणि वापरायला मागून असे निरनिराळे शब्द आपण पहिल्यापासून वेगळे ठेवत आलो आहोत. त्यातही दुकानदाराकडची उधारी ‘कारिरु’मध्ये बसत नाही, हे आवर्जून सांगावे लागते, तिच्यासाठी जपानीत ‘त्सुके’ हा वेगळा शब्द आहे, कारण तिथे माल विकत घेतलेला असतो आणि फक्त पैसे मागे राहिलेले असतात.

शेजाऱ्याकडून आणलेली वाटीभर साखर मात्र बसते. एदोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, नागायांत एका छपराखाली ओळीने खोल्या असत आणि तिथे तांदूळ, मिसो म्हणजे सोयाबीनचे आंबवलेले वाटण, सोया सॉस यांची देवघेव चाले. त्या देवघेवीत घेणाऱ्यालाही हेच क्रियापद लागे. त्याच शहरात ‘काशिहोन्या’ पाठीवर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन घरोघर फिरत आणि पैसे घेऊन पुस्तके वाचायला देत. फुकट सोया सॉस घेणारा आणि पैसे देऊन पुस्तक घेणारा, दोघांचे क्रियापद एकच.

जपानी माणसाला हा फरक कळत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. 1896 साली जाहीर झालेल्या तिथल्या नागरी संहितेत या व्यवहारांची तीन वेगळी नावे आहेत. घेतलेली वस्तू वापरून संपवायची आणि त्याच जातीची, त्याच प्रतीची, तेवढीच परत करायची, हा व्यवहार कलम 587 मध्ये येतो. पैशाचे कर्ज आणि आपली वाटीभर साखर दोन्ही त्यातच. तीच वस्तू फुकट वापरून परत करायची असेल तर कलम 593, आणि वापराबद्दल भाडे द्यायचे असेल तर कलम 601. मला मौज वाटते ती अशी, की या तिन्ही नावांच्या शेवटी ‘ताइशाकु’ हा जोडशब्द आहे आणि तो ‘कासु’ म्हणजे देणे व ‘कारिरु’ म्हणजे घेणे यांच्या दोन चित्राक्षरांनी बनलेला आहे. कायद्याने भेद केले ते त्याच्या आधी येणाऱ्या अक्षरांनी. देणारा आणि घेणारा ही जोडी तिन्हीकडे तशीच ठेवली.

ही जोडीच शिकण्याचा खरा विषय आहे, आणि माझ्या मते अडचण येते ती इथे, अर्थाच्या व्याप्तीत नाही. आपण ‘भाड्याने’ हा शब्द तसाच ठेवून पुढे ‘देणे’ किंवा ‘घेणे’ जोडतो, त्यामुळे दिशा आपोआप कळते. जपानीत दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. शिवाय ‘नि’ हा प्रत्यय दोन्हीकडे चालतो : ‘तोमोदाची नि होन ओ कासु’ म्हणजे मित्राला पुस्तक वापरायला देणे, आणि ‘तोमोदाची नि होन ओ कारिरु’ म्हणजे मित्राकडून ते घेणे. मराठी कान ‘नि’ म्हणजे ‘ला’ असे एकदा ठरवून बसला, की दुसऱ्या वाक्यातही पुस्तक मित्राकडेच पाठवतो. ‘कारा’, म्हणजे ‘कडून’, वापरले तर हा गोंधळ टळतो. आणि वाचनालय, बँक यांसारख्या संस्थेकडून घेताना ‘कारा’च शोभते. म्हणून मी सुरुवातीला ‘कारिरु’बरोबर ‘कारा’च वापरायला लावतो आणि ‘नि’ मागाहून आणतो, जरी पाठ्यपुस्तके बहुधा उलट क्रम धरतात.

पेन मागायचे असेल तर ‘काशिते कुदासाइ’ म्हणावे की ‘कारिते मो इइ देसु का’, हा याच प्रश्नाचा धाकटा भाऊ आहे. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात कर्ता समोरचा माणूस आहे, त्याला ‘द्या’ म्हटले आहे; दुसऱ्यात कर्ता मी आहे आणि ‘घेऊ का’ असे विचारले आहे. अनोळखी माणसाशी बोलताना मी दुसरे सुचवतो, कारण त्यात नाही म्हणायला जागा राहते.

हीच जागा प्रसाधनगृहाच्या बाबतीत कामी येते, आणि वर्गात हसू फुटते तेही इथेच. कोम्बिनीत, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, गेल्यावर गल्ल्यावरच्या माणसाला विचारायचे वाक्य असते : ‘तोइरे ओ ओकारिशिते मो इइ देसु का.’ शब्दशः पाहिले तर आपण शौचालय उसने मागतो आहोत, आणि ते काही कोणी घरी घेऊन जात नाही! ‘वापरणे’ या अर्थाचे ‘त्सुकाउ’ इथे व्याकरणाला चालते. परंतु ‘कारिरु’मध्ये जागा तुमची आहे, मी घटकाभर तिचा लाभ घेतो आहे, ही कबुली असते, आणि ‘ओकारिशिते’ या नम्र रूपाने ती अधिक शोभते. दुसऱ्याच्या दूरध्वनीवरून बोलायचे असले तरी हीच पद्धत.

वस्तू हातात येण्याची अट एकदा सुटली, की मग हे क्रियापद कुठेही जाते. बळ आणि शहाणपण तर ‘घेता’ येतेच. सुमोत खालच्या दर्जाचा मल्ल वरच्या मल्लाबरोबर सराव करतो तेव्हा तो त्याची छाती ‘घेतो’. कामाचा डोंगर पडला की मांजराचे पंजेसुद्धा मागून आणावेसे वाटतात, आणि एरवी बडबडा असलेला माणूस परक्या घरी गप्प बसला की तो मागून आणलेल्या मांजरासारखा दिसतो.

रूपांबद्दल थोडेच सांगतो. जपानी क्रियापदांचे रूपे कशी होतात यावरून गट पाडतात; ‘कारिरु’ दुसऱ्या गटातले आहे, म्हणून ‘कारिमास’, ‘कारिते’. गवत कापणे या अर्थाचे ‘कारु’ पहिल्या गटातले असूनही त्याचे ‘कारिमास’ सारखेच होते. ‘कारिते’सारखे ‘ते’कारान्त रूप, म्हणजे आपले ‘…ऊन’, मात्र ‘कात्ते’ होते, आणि ‘विकत घेऊन’ याचे प्रमाण रूपही तेच आहे. ओसाकाकडे जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पश्चिम जपानच्या जुन्या बोलीत ‘कारिरु’चे रूप ‘कारु’ राहिले, त्यामुळे ‘कात्ते’ म्हणजे तिथे ‘उसने घेऊन’, आणि ‘विकत घेऊन’साठी ‘कोओते’ असा निराळा उच्चार आहे. ‘कारु’ हे मूळचे जुने रूप आहे. वाघाचा दरारा उसना घेऊन मिरवणाऱ्या कोल्ह्याच्या प्रसिद्ध म्हणीत ते प्रमाण भाषेतही टिकून आहे.

राहता राहिले घर, आणि पालकांना काळजी असते ती याचीच. खोली घेताना भाड्याखेरीज ‘शिकिकिन’ ही अनामत आणि पुष्कळदा ‘रेइकिन’ ही घरमालकाला आभारादाखल द्यायची रक्कम मागतात. ‘रेइकिन’ परत मिळत नाही. अनामतीतून काय कापता येते यावर पूर्वी फार वाद होत. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या सुधारित संहितेत शिकिकिनची व्याख्या घातली आहे, आणि नेहमीच्या वापराने झालेली झीज व काळानुसार होणारे बदल दुरुस्त करून देण्याची जबाबदारी भाडेकरूवर नाही, हेही तिथे लिहिले आहे. करारात तुमच्यासाठीचा शब्द ‘कारिनुशि’ असा असेल आणि मालकासाठीचा ‘काशिनुशि’. दोघांच्या नावांचे रकाने शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही चित्राक्षरे घाईत सारखी भासतात. ज्याच्या डाव्या बाजूला उभ्या माणसाची खूण आहे ते ‘कारि’, आणि ज्याच्या तळाशी धनाची शिंपली आहे ते ‘काशि’. सही ‘कारि’च्या रकान्यात करायची.