सीलबंद मांगा आणि 'बर्सर्क'चा पहिला खंड

जपानमधल्या पुस्तकांच्या दुकानांची एक गोष्ट मला अजूनही पटलेली नाही. मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, प्रत्येक खंड पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गच्च पॅक केलेला असतो. चाळायचा नाही, उघडायचा नाही, पुढचं-मागचं कव्हर बघायचं आणि ठरवायचं. कायदा वगैरे काही नाही, दुकानांचीच पद्धत आहे. लोक उभ्या उभ्या अख्खा खंड वाचून ठेवून देतात म्हणून, आणि नवं पुस्तक कोरंच मिळायला हवं ही इथल्या गिऱ्हाइकांची अपेक्षा असते म्हणून. कारण कळतं हो, पण पुस्तक हातात घेऊन चार पानं वाचल्याशिवाय पैसे टाकायचे हे आपल्यासारख्यांच्या पचनी पडत नाही. त्यात नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशकच ठरवतो आणि देशभर कुठल्याही दुकानात तीच, वर १०% कर, म्हणजे सवलतीची आशा नकोच. काही दुकानं सुरुवातीच्या थोड्या पानांची पातळ पुस्तिका शेल्फला अडकवून ठेवतात, पण ती बहुतेक नव्या, गाजत असलेल्या मालिकांची. तीस-पस्तीस वर्षं जुन्या मालिकेसाठी कोण ठेवणार?

म्हणून आज मुद्दाम लिहितेय. केंतारो मिउरा यांच्या 'बर्सर्क' या मांगा मालिकेचा पहिला खंड न चाळता घ्या.

आता घरून पहिला प्रश्न येणार तो मला माहीत आहे, कारण दादा दर फोनवर विचारतो, एवढी मोठी झालीस आणि अजून चित्रांची पुस्तकं वाचतेस? अरे पण इथे मोठ्या माणसांसाठीच्या मांगाची वेगळी मासिकं निघतात, त्यांना सेइनेन म्हणतात. बर्सर्क त्यातलीच, १९८९ मध्ये सुरू झाली आणि पहिला खंड १९९० च्या नोव्हेंबरात आला. २००२ मध्ये मांगासाठीच्या तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कारांत तिचा गौरव झाला. हे पोराटोरांचं वाचन नाहीच, उलट पोरांच्या हाती चुकूनही देऊ नका. पहिल्याच पानांवर नागडी शरीरं आणि राक्षस एकत्र येतात, पुढे रक्त आहे, छळ आहे, आणि नंतरच्या खंडांत लैंगिक अत्याचारही आहेत. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी लांब राहावं, यात कमीपणा काही नाही.

गोष्ट गट्स नावाच्या माणसाची. एक डोळा गेलेला, डाव्या हाताच्या जागी लोखंडी हात आणि त्यात तोफ लपवलेली, पाठीवर माणसाच्या उंचीची तलवार, आणि मानेवर एक खूण, जी भुतंखेतं जवळ आली की रक्त गाळायला लागते. सोबत पक नावाचा परीसारखा चिमुकला उडणारा एल्फ, जो मागे लागून येतो आणि वाचकाच्या मनातले प्रश्न विचारतो. गट्स कोण, असा का झाला, कोणाच्या मागावर आहे, यातलं पहिला खंड जवळजवळ काहीच सांगत नाही. तो चिडका आहे, क्रूर आहे, मदत मागणाऱ्याकडे पाठ फिरवतो. बरेच चाहते नव्या वाचकाला सांगतात की हा भाग सोडा, तिसऱ्या खंडाच्या शेवटी त्याचं पूर्वायुष्य सुरू होतं, तिथून वाचा. मला हे अजिबात मान्य नाही.

कारण या खंडातलं दुसरं प्रकरण. एक म्हातारा धर्मगुरू आणि त्याच्याबरोबरची लहान मुलगी रस्त्यात गट्सला आपल्या गाडीत बसवून घेतात, साधी माणुसकी म्हणून. रात्र पडते, मानेवरची खूण भळभळते आणि आजूबाजूच्या जमिनीतले मेलेले उठतात. त्या दोघांचा काहीच संबंध नसतो, ते फक्त त्याच्या शेजारी असतात. त्यात ती मुलगी मारली जाते, मग तीच उठून आपल्याच माणसावर चालून जाते आणि गट्सला तिच्यावर तलवार चालवावी लागते. मी ते पान उलटलं आणि पुन्हा मागे गेले, त्याचा चेहरा बघायला. हा माणूस लोकांना का झिडकारतो ते मिउरांनी एका शब्दाने न सांगता दाखवलंय. हे वाचल्यावर पुढे त्याचं तरुणपण, त्याचे मित्र, त्याचं हसणं समोर येतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. थेट तिसऱ्या खंडापासून सुरुवात केलीत तर तो खड्डा पडणार नाही.

चित्रं अजून थोडी कच्ची आहेत हे खरं, पुढच्या खंडांतली बारीक रेघांची दाटी इथे नाही. पण काळ्या शाईचा जोर इथेही आहेच.

मिउरा २०२१ मध्ये वयाच्या ५४ व्या वर्षी अचानक गेले, मालिका अर्धवट. शाळेपासूनचे त्यांचे मित्र कोउजी मोरी यांना त्यांनी शेवट फार पूर्वी सांगून ठेवला होता, आणि २०२२ पासून मिउरांचेच सहकारी चित्रकार मोरींच्या देखरेखीखाली ती पुढे नेतायत. मिउरांनी सांगितलं तेवढंच लिहीन, असं मोरींनी आधीच जाहीर केलं. या लोकांचा मला खरंच आदर वाटतो. प्लॅस्टिकचा राग येतो तिथेच असंही काही दिसतं. आणि अजून एक, प्लॅस्टिक काढल्यावर काउंटरवरची मुलगी कव्हर घालू का विचारते आणि दोन हातांनी असं नेमकं कागदी कव्हर चढवते की जूनमध्ये आई आमच्या पुस्तकांना घालायची तसं. बाहेरचा कोपरासुद्धा सुटत नाही.

तिकडे तुम्हाला जपानी येत नसेल तर डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशकाची इंग्रजी आवृत्ती घ्या, त्यांच्या जाड डीलक्स आवृत्तीत तीन-तीन खंड एकत्र असतात. पानं आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या, थोड्या वेळात सवय होते. सुटे खंड घेणार असाल तर पहिल्या तिन्ही खंडांची एकदमच ऑर्डर द्या, कारण पहिल्याच्या शेवटी सुरू झालेलं काउंट म्हणवणाऱ्या सरदाराचं प्रकरण मधेच तुटतं आणि तिसऱ्यात जाऊन संपतं.