चार-आठ, नऊ-पाच, सात-दहा

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी प्रोग्रामने एका अर्जावर लाल शेरा मारला. अर्जदाराची एक नोकरी ९ मेला सुरू झाली होती, दुसरी ४ ऑगस्टला सुरू होणार होती आणि तिसरी ७ ऑक्टोबरला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जून होता.

परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रोजगार मेळावा होता. भरवणाऱ्या संस्थेला प्रत्येक उमेदवाराच्या हातात एका पानाचा नीट छापलेला बायोडेटा द्यायचा होता आणि ते काम आमच्या दादरच्या छोट्या ऑफिसकडे आलं. उमेदवार तीनशेच्या वर, बहुतेक लालबाग, काळाचौकी, शिवडी, करी रोड इकडचे. एवढे बायोडेटा वर्डमध्ये कॉपी-पेस्ट करून बनवणं शक्य असतं, पण एकाचा फोन नंबर दुसऱ्याच्या पानावर राहून जातोच. म्हणून माहिती एकीकडे आणि पानाची मांडणी दुसरीकडे, असं ठेवलं. स्वयंसेवकांनी कागदी अर्ज एक्सेलमध्ये टाइप केले. पायथनचा प्रोग्राम त्या शीटमधली एकेक ओळ उचलून प्रत्येक माणसाची एक यॅमल फाइल, म्हणजे रकान्याचं नाव आणि पुढे माहिती अशा ओळींची साधी मजकुराची फाइल, बनवायचा. ती माहिती जिन्जाच्या साच्यात ओतली की एचटीएमएल तयार, आणि वीझीप्रिंटमधून त्याची पीडीएफ. साच्यात एक ओळ बदलली की सगळी पानं बदलतात. संस्थेच्या ताईंनी लोगो दुपारी डावीकडे आणि चहानंतर उजवीकडे हवा म्हणून सांगितलं, तेव्हा या पद्धतीचं मोल ऑफिसात सगळ्यांना कळलं.

रकाने मी जेसन रेझ्युमेवरून घेतले होते. बायोडेट्यातली माहिती कुठल्या नावाच्या रकान्यात ठेवायची, याचा हा २०१४ पासूनचा खुला आराखडा. त्यात प्रत्येक नोकरीला कंपनी, पद, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख असं सगळं असतं. शेवटची तारीख नसेल तर बरेचसे साचे तिथे 'सध्या' छापतात. आराखडा चांगला आहे, फक्त तो बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एका वेळी एक नोकरी करणारा माणूस असावा.

सकाळ किरकोळ डागडुजीत गेली होती. कुणाच्या फोन नंबरापुढचं शून्य एक्सेलने खाल्लेलं. काही यॅमल फायली स्वयंसेवकांनी हाताने दुरुस्त केल्या होत्या. त्यांत 'ड्रायव्हिंग लायसन्स' पुढे इंग्रजीत 'नो' लिहिलेलं, आणि छापून आलं 'फॉल्स'. यॅमलच्या १.१ आवृत्तीत अवतरणचिन्हं नसलेलं 'नो' हे अक्षरी उत्तर धरलं जात नाही, 'असत्य' हे मूल्य धरलं जातं, आणि पायथनमधलं नेहमीचं यॅमल वाचणारं पॅकेज अजून तेच पाळतं. नॉर्वे देशाचं दोन अक्षरी चिन्ह 'एनओ' असल्यामुळे प्रोग्रामर मंडळी याला नॉर्वेचा प्रश्न म्हणतात. परळमध्ये तो लायसन्सचा प्रश्न झाला होता.

असल्या चुका ओळखीच्या असतात. तीन नोकऱ्या, त्यातल्या दोन भविष्यात, एकीलाही शेवटची तारीख नाही, हे मात्र काही केल्या जुळेना. मी त्या अर्जदाराला फोन लावला.

"मॅडम, पाच मिनिटं थांबा, गाडी आलीय," म्हणून त्यांनी ठेवला. मग त्यांचाच आला.

"दादा, मेळाव्याच्या अर्जाबद्दल विचारायचं होतं. तुम्ही मेडिकलमध्ये ऑक्टोबरपासून लागणार आहात का?"

"ऑक्टोबर? नाही हो, मी रोज जातो. आजही संध्याकाळी जाणार."

"मग अर्जात सात-दहा काय लिहिलंय?"

"सात ते दहा. रात्रीचे."

मी शीटकडे पाहिलं. ४ ऑगस्ट, ९ मे, ७ ऑक्टोबर. चार-आठ, नऊ-पाच, सात-दहा. अर्जातला प्रश्न होता 'कधीपासून कधीपर्यंत काम केले?' आणि त्यांनी अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. पहाटे चार ते आठ पेपरची लाइन, नऊ ते पाच कुरियरच्या ऑफिसात पार्सलांची वर्गवारी, संध्याकाळी सात ते दहा मेडिकलच्या काउंटरवर. टाइप करणाऱ्या मुलीने जे दिसलं ते टाइप केलं. एंटर दाबताच एक्सेलने त्याची तारीख केली आणि चालू वर्ष आपल्या पदरचं जोडलं. एक्सेलची ही खोड जगजाहीर आहे. 'मार्च १', 'सेप्ट १' अशा चिन्हांनी ओळखल्या जाणाऱ्या मानवी जनुकांच्याही तारखा व्हायच्या, इतक्या की २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती चिन्हंच बदलली. शास्त्रज्ञांनी माघार घेतली, एक्सेलने नाही. (पुढे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सवय बंद करायची सोय दिली. ती सेटिंगमध्ये जाऊन शोधावी लागते.)

खऱ्या तारखा फोनवर मिळाल्या. पेपर दहावीत असल्यापासून, कुरियर २०१६ पासून, मेडिकल लॉकडाऊनच्या वर्षापासून. 'कौशल्ये' हा रकाना त्यांनी कोरा सोडला होता. त्यांना स्टोअर असिस्टंटची जागा हवी होती, परळच्याच एका हॉस्पिटलात. मी विचारलं, मेडिकलमध्ये नक्की काय करता? बॅच नंबर बघून माल लावतो, ज्याची एक्सपायरी जवळ तो पुढे, तीन महिन्यांच्या आत संपणारा वेगळा काढून डिस्ट्रिब्युटरला परत. कुरियरमध्ये? पिनकोडवरून वर्गवारी, ४०००१२ परळ, ४०००१३ लोअर परळ, ४०००३३ काळाचौकी, पण पत्ता वाचल्यावर पिन चुकीचा आहे हेही कळतं. पेपरात? महिन्याचं बिल, कुणी गावाला गेलं की तितके दिवस वजा, न खपलेल्या अंकांचा हिशेब. स्टोअरच्या कामाला आणखी काय लागतं, मला तरी सुचेना. हे सगळं त्या कोऱ्या रकान्यात गेलं.

आता छापायचं कसं? साच्याप्रमाणे तिन्ही नोकऱ्यांपुढे 'सध्या' येत होतं. ताईंनी पान बघून मान हलवली. "एचआरवाला म्हणेल खोटं आहे. कुरियर ठेव, बाकीची काढ." मी म्हटलं, हॉस्पिटलला तर मेडिकलच महत्त्वाचं, ते काढलं तर उरलं काय? माझ्या मते तिन्ही ठेवून प्रत्येकीपुढे वेळ छापायला हवी होती. खोटं वाटण्याचं कारण वेळ न दिसणं हेच होतं. आराखड्यात वेळेचा रकाना नाही, पण तो वाढवता येतो. मी तो वाढवला, पानाचा फोटो अर्जदाराला व्हॉट्सॲपवर पाठवला.

त्यांचा लगेच फोन. "मस्त झालंय. पण पेपरचं काढा, मॅडम."

"का? वीस वर्षांचं काम आहे."

"ते दिसलं की पहिला प्रश्न येणार, झोपता कधी? मग दुसरा, आमच्याकडे येऊन झोपणार का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि बायोडेटा त्यांचा होता. पण पेपरचा हिशेब कौशल्यांत राहू द्या, असं त्यांनीच सांगितलं. माहिती पुसायला मला नको होती, म्हणून त्या नोकरीखाली 'दाखवा' असा रकाना घातला आणि पुढे लिहिलं 'नो'. सकाळी ज्याला शिव्या घातल्या, त्याच 'नो'ने या खेपेला निमूट काम केलं.

एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसल्या की लाल शेरा मारायचा, हा प्रोग्रामातला नियम मी काढला नाही. त्याचा शेरा फक्त 'चूक' वरून 'फोन करून विचारा' असा केला. पीडीएफ रात्री छापायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त्यांसाठी मी हॉलमध्येच लॅपटॉप घेऊन बसले होते. ते कुरियरच्या जेवणाच्या सुट्टीत आले, शर्टावर कंपनीचं ओळखपत्र तसंच. हॉस्पिटलच्या टेबलावर एक्सपायरीवरून बराच वेळ बोलणं चाललं होतं. मग समोरच्याने विचारलं, "जॉइन व्हायला नोटीस किती दिवसांची द्यावी लागेल?"

"कुठल्या नोकरीची, सर?"

टेबलावरचे दोघे हसले. नंतर त्यांनी पान पुन्हा हातात घेऊन वेळा वाचल्या.

पुढच्या मेळाव्यासाठी अर्ज बदलला. 'कोणत्या वर्षापासून' आणि 'दिवसातून किती ते किती' असे दोन वेगळे प्रश्न केले, आणि शीटमधले ते दोन्ही कॉलम आधीच 'टेक्स्ट' करून ठेवले. दुसऱ्या चौकटीत दोन-दोन वेळा भरलेले बरेच अर्ज आले. रात्री वॉचमन आणि सकाळी शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर. दुपारी पोळ्या करायला दोन घरं आणि संध्याकाळी क्लिनिकमध्ये केसपेपर काढणं. आधीच्या अर्जांत यातली बहुतेक माणसं एकेका नोकरीची होती.