लोक ऐकत नाहीत म्हणे

कुठलीही साथ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'लोक ऐकतच नाहीत हो'. अधिकारी म्हणतात, डॉक्टर म्हणतात, घरात सोफ्यावर बसून आपणही म्हणतो. मला तर वाटतं लोक अगदी नीट ऐकतात, आणि जे ऐकलं त्यावरून सरळ हिशोब करून मोकळे होतात. तो सांगणाऱ्याला अपेक्षित नसतो, एवढंच.

२०१४ चा इबोला घ्या. पश्चिम आफ्रिकेतले गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन हे देश. सुरुवातीचे मेसेज काय, तर इबोला जीवघेणा आहे, यावर औषध नाही. तेव्हा खोटं नव्हतंच ते. पण औषधच नाही म्हटल्यावर कोण स्वतःच्या आईला उचलून त्या नखशिखांत सूट घातलेल्या अनोळखी माणसांच्या तंबूत नेऊन सोडेल? जायचंच असेल तर घरी जाऊ दे, आपल्या माणसांत, असंच वाटणार ना. मग सेवा करणारे एकेक करून आजारी. लवकर दाखल झालं, सलाइन वगैरे वेळेत मिळालं तर वाचायची शक्यता वाढते, हे खरं तर पहिल्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात हवं होतं.

अंत्यविधींचं तर त्याहून वाईट. इबोलाने गेलेल्या माणसाच्या शरीरात व्हायरस भरपूर असतो, त्यामुळे आंघोळ घालणाऱ्यांना लागण व्हायची. म्हणून टीम यायची, बॅगेत घालून घेऊन जायची, कित्येकांना शेवटचं तोंडही बघायला मिळायचं नाही. लोकांनी काय केलं? लपवून पुरायला लागले. मग २०१४ च्या शेवटी डब्ल्यूएचओने नव्या सूचना काढल्या, त्यात घरच्यांना विचारून ठरवायचं, लांबून का होईना हजर राहू द्यायचं, प्रार्थना होऊ द्यायची, मुस्लिम कुटुंब असेल तर पाणी न वापरता शुद्धी आणि कफन. हे सगळं कोणीतरी आधीच जाऊन विचारलं असतं तर, असं वाटत राहतं.

बरं, शिकलेल्या देशांत वेगळं होतं असं काही नाही. १९९५ साली ब्रिटनमध्ये इशारा निघाला की काही नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी व्हायचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! म्हणजे किती, तर ७००० बायकांमागे एक होती तिथे दोन. पण हेडलाइनमध्ये फक्त दुप्पट, आणि बऱ्याच डॉक्टरांना कळायच्या आत पेशंटनी टीव्हीवर बघितलेलं. बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. त्यात गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, आता काय बोलणार.

आणि मास्क. फेब्रुवारी २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे लोकांना आरोग्याचा सल्ला देणारे सरकारचे मुख्य डॉक्टर, एका दमात सांगत होते की मास्क घेऊ नका, सामान्य माणसाला त्याचा उपयोग नाही, पण डॉक्टर-नर्सना नाही मिळाले तर धोका आहे. शाळकरी पोरगंसुद्धा विचारेल, मग त्यांना कसा उपयोग होतो? 'साठा कमी आहे, आधी त्यांना मिळू दे' असं स्पष्ट सांगितलं असतं तर निदान एप्रिलमध्ये 'कापडी मास्क लावा' म्हणताना तोंडघशी पडायची वेळ आली नसती.

'घाबरू नका, परिस्थिती नियंत्रणात आहे' याचा तर मला मनापासून राग आहे. त्यात माहिती काय आहे? मला असं काहीतरी ऐकायचंय: इतके लोक आजारी आहेत, पाण्यातून पसरतंय असा संशय आहे, नक्की नाही, रिपोर्ट परवा येतील, तोवर पाणी उकळून प्या, लहान मुलाला जुलाब लागले तर वाट न बघता दाखवा, उद्या पाच वाजता परत सांगतो. आणि उद्या पाचला नवीन काही नसेल तरी समोर यायचं, नवीन काही नाही हे सांगायला. संशय चुकीचा निघाला तर तेही तिथेच, त्याच माणसाने, त्याच माइकवर सांगायचं.