अमेरिकेचे संस्थापक श्रद्धाळू होते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अमेरिकेच्या इतिहासाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन ही मंडळी मनापासून ख्रिस्ती होती, की नावापुरती? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच ऐकायचं असतं. तसं एका शब्दात सांगता येत नाही. पण कागदपत्रं भरपूर शिल्लक आहेत, आणि ती नीट वाचली तर बरंच काही खात्रीने सांगता येतं.

पहिला घोळ ‘संस्थापक’ या शब्दातच होतो. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांच्या सह्या आहेत, १७८७ च्या राज्यघटनेवर ३९ प्रतिनिधींच्या. दोन्हींवर सही करणारे अवघे सहा. पहिल्या यादीत जॉन विदरस्पून हे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे पाद्री आहेत, चार्ल्स कॅरल हे एकमेव कॅथलिक आहेत. बायबलवर उघड हल्ला चढवणारे टॉमस पेन दोन्ही याद्यांत नाहीत, तरी वादात त्यांचं नाव पहिलं घेतलं जातं. प्रत्येक बाजू आपल्या सोयीची चार नावं उचलते आणि त्यांनाच ‘संस्थापक’ म्हणते. म्हणून वाद सुरू करण्याआधी माणूस कोणता, ते नावानिशी ठरवून घ्यावं.

मग येतात अवतरणं, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचं एक वाक्य नेहमी फिरत असतं: जगात धर्म नसता तर हे जग सर्वोत्तम झालं असतं. वाक्य खरं आहे. १९ एप्रिल १८१७ रोजी जेफरसनना लिहिलेल्या पत्रात ते सापडतं. पण त्याच्या आधी अ‍ॅडम्स लिहितात की अलीकडच्या वाचनात असं ओरडावंसं वीस वेळा वाटलं. आणि लगेच पुढे म्हणतात की धर्म नसता तर हे जग चारचौघांत उच्चारू नये असं काहीतरी झालं असतं, म्हणजे नरक. मागचं-पुढचं कापलं की अर्थ नेमका उलटा होतो. त्यामुळे कुठलंही अवतरण हाती आलं की तारीख बघा, पत्र कोणाला ते बघा, आणि आधीची-नंतरची दोन-दोन वाक्यं वाचा. तारीख आणि पत्ता मिळतच नसेल तर ते वाक्य सरळ बाजूला ठेवा.

जेफरसन यांच्याबाबत तर पुरावा हातात धरून बघता येतो. १८२० च्या सुमारास, वयाच्या सत्त्याहत्तरीत, त्यांनी चार शुभवर्तमानांतून, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतून, हवे तेवढे भाग पात्याने कापून काढले आणि कोऱ्या पानांवर चिकटवले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी असे चार स्तंभ शेजारी शेजारी. पानाच्या दोन्ही बाजूंचा मजकूर लागणार म्हणून प्रत्येक आवृत्तीच्या दोन प्रती लागल्या; ग्रीक आणि लॅटिन एकाच पुस्तकात होतं, म्हणून एकूण सहा पुस्तकं कापली गेली. येशूची शिकवण आणि दाखले ठेवले, चमत्कार काढले. शेवट येतो तो कबरीच्या दारावर मोठा धोंडा लोटून लोक निघून जातात तिथे. पुनरुत्थान नाही. हे पुस्तक त्यांनी छापलं नाही, स्वतःच्या वाचनासाठी ठेवलं. आणि हेच जेफरसन १८०३ मध्ये आपले मित्र डॉ. बेंजामिन रश यांना लिहितात की येशूला अभिप्रेत होतं त्याच अर्थाने मी ख्रिस्ती आहे. त्यांना नास्तिक म्हणणं चूक आणि पारंपरिक ख्रिस्ती म्हणणंही चूक. माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे ती कापलेली पानं.

फ्रँकलिन यांना ‘डीइस्ट’ म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. डीइस्ट म्हणजे ईश्वराने विश्व घडवलं, पण त्यानंतर तो त्यात ढवळाढवळ करत नाही असं मानणारे. पण २८ जून १७८७ रोजी राज्यघटना तयार करणाऱ्या परिषदेत हेच फ्रँकलिन म्हणाले की माणसांच्या व्यवहारांवर ईश्वराची सत्ता चालते, आणि रोज कामाआधी प्रार्थना व्हावी असं त्यांनी सुचवलं. परिषदेने पुढे प्रार्थना केल्याची कथा सांगितली जाते, ती खोटी आहे. त्या सूचनेवर मतदानच झालं नाही. तीन-चार जण सोडले तर कोणालाच प्रार्थनेची गरज वाटली नाही, अशी नोंद खुद्द फ्रँकलिन यांनीच भाषणाच्या कागदावर केली आहे. मृत्यूच्या काही आठवडे आधी, मार्च १७९० मध्ये, त्यांनी येल महाविद्यालयाचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांना कळवलं की ईश्वर एक आहे, त्याची उपासना करावी, पण येशूच्या ईश्वरत्वाबद्दल मला शंका आहेत.

वॉशिंग्टन सर्वांत अवघड, कारण ते मनातलं लिहीतच नसत. त्यांच्या लिखाणात ‘प्रॉव्हिडन्स’, म्हणजे ईश्वरी योजना, हा शब्द वारंवार येतो. येशूचं नाव मात्र क्वचितच. ते चर्चच्या स्थानिक कारभारी मंडळावर होते, पण त्या काळच्या व्हर्जिनियात ते निम्मं सरकारी कामच होतं, त्यामुळे त्यावरून श्रद्धा मोजता येत नाही. फिलाडेल्फियात प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, रविवारी ते त्या विधीआधीच उठून जात, पत्नी मार्था थांबत, अशी आठवण तिथले पाद्री अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी लिहून ठेवली आहे. स्वातंत्र्ययुद्धातल्या व्हॅली फोर्ज या हिवाळी छावणीच्या बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करणारे वॉशिंग्टन चित्रांत दिसतात. ती गोष्ट मेसन वीम्स यांच्या चरित्रातून पसरली, आणि चेरीच्या झाडाची दंतकथाही त्याच चरित्रातली.

अमेरिका ख्रिस्ती पायावर उभी नाही म्हणणाऱ्या बाजूचा लाडका पुरावा म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी झालेला तह. त्याच्या अकराव्या कलमात म्हटलं आहे की अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही. सिनेटने जून १७९७ मध्ये तो एकमताने मंजूर केला आणि अध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी सही केली. अरबी प्रतीत मात्र हे कलमच नाही, ते अमेरिकी राजदूत जोएल बार्लो यांच्या इंग्रजी भाषांतरात आहे. सिनेटपुढे इंग्रजी मजकूरच आला, म्हणून पुराव्याचं वजन राहतं. पण ते वजन सरकारच्या स्वरूपाबद्दल आहे, सही करणाऱ्यांच्या मनातल्या श्रद्धेबद्दल नाही.

हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत की वाद कधीच संपत नाही. माणूस काय मानत होता हा एक प्रश्न आणि त्याने कायद्यात काय लिहिलं हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर बसवणाऱ्या पॅट्रिक हेन्री यांच्या व्हर्जिनियातल्या विधेयकाविरुद्ध जेम्स मॅडिसन (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष) यांनी १७८५ मध्ये निवेदन लिहिलं, आणि त्या लढ्यात बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथासारखे अत्यंत श्रद्धाळू लोक त्यांच्या बाजूने होते. धर्म सरकारच्या हातात गेला की धर्माचंच वाटोळं होतं, अशी या श्रद्धाळू लोकांची धारणा होती. पुढच्या जानेवारीत व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचं नाव घालण्याची दुरुस्ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेल्याचं जेफरसन यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला मनाई केली.

राज्यघटनेच्या १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने सरकारी धर्म स्थापन करायला मनाई केली, पण तिने फक्त काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय संसदेचे, हात बांधले, राज्यांचे नाही. म्हणूनच मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांच्या करातून चर्चच्या धर्मगुरूंना पैसे देण्याची पद्धत १८३३ पर्यंत चालू होती.