कुंभ्याखालचं पाणी

तो झरा मामांनी त्या पोरालाही दाखवलाय.

एवढंच झालंय. मामा डोळ्याच्या उपचारासाठी रानातल्या त्यांच्या घरून आमच्याकडे आलेत. दुपारी धारवाडचा तो पोरगा, रानात वटवाघळांवर काम करणारा, त्यांची चौकशी करायला आला, पलंगाशेजारी स्टूल ओढून बसला आणि बोलता बोलता म्हणाला, ‘सर, त्या कुंभ्याच्या झाडाखालचं पाणी तुम्ही प्यालाय का? एप्रिलातसुद्धा आटत नाही.’ मी हो म्हटलं. चहा ठेवायला म्हणून आत गेलो आणि नुसताच ओट्याशी उभा राहिलो.

मला वाटत होतं, ते पाणी माझ्या आणि मामांच्या मधलं आहे. गव्यांच्या वाटेने त्यांनी मला वर नेलं होतं. वाटेत एक शब्द नाही. पाला हाताने बाजूला सारला, गढूळपणा खाली बसेपर्यंत थांबले आणि पहिली ओंजळ माझ्यापुढे धरली. कुणाला सांगू नका, असं म्हणायची त्यांना गरजच पडली नाही. मी आजवर कुणाला सांगितलं नाही. हिलाही नाही.

आज सांगावं लागलं. ती म्हणाली, ‘पाणी काय तुमच्या नावावर आहे?’

नाही. पण मग काय आहे माझ्या नावावर? अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या पावलासारखा उमटतो, हे मला मामांनी चिखलात बसून दाखवलं. भेकर भुंकलं की कुठल्या अंगाला बघायचं, हे त्यांनी शिकवलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला तेव्हा ते पोरसवदा होते; घरातून शिकार जायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. ठासणीची बंदूक निवडणूक आली की ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर परत यायची. एका निवडणुकीनंतर मामा ती आणायला गेलेच नाहीत. २०११ ला खानापूरच्या त्यांच्या रानाचं भीमगड अभयारण्य झालं त्याच्या बरंच आधीची गोष्ट. का नाही आणली, हे त्यांनी फक्त मला सांगितलंय. निदान आज सकाळपर्यंत माझी तशी खात्री होती.

मामा आणि तो पोरगा कन्नडमध्ये बोलत होते. मामा कन्नडमध्ये जरा मोठ्याने हसतात. मला बाजारहाटापुरतं येतं, त्यामुळे मध्येच एखादा शब्द हाताला लागायचा, गवा, पाऊस, बारापेडे, की पुन्हा सगळं सुटायचं. बारापेडेच्या गुहांतलं ते वटवाघूळ, १९१३ साली ज्याची शास्त्रात पहिली नोंद झाली, त्याच्यासाठी हा महिनोन्‌महिने रानात हिंडतोय. हुशार आहे. मामांच्या पायाशी नीट बसतो. मग मामांनी पिशवीतून वनखात्याचा कागद काढला आणि त्याला वाचायला दिला. अभयारण्यातल्या तळेवाडीची कुटुंबं घरटी १५ लाखांच्या मोबदल्यावर रानातून उठली तेव्हापासून असले कागद सगळीकडे फिरतायत. त्याबद्दल आज लिहवत नाही.

रात्री पडल्या पडल्या देर्सू उझाला आठवला. आर्सेन्येव्ह हा रशियन लष्करी अधिकारी रशियाच्या पूर्व टोकाला उसुरीच्या रानात नकाशे करत हिंडायचा, १९०६ साली त्याला हा नानाई जमातीचा शिकारी भेटला. त्यांच्या दोस्तीच्या दोन गोष्टी सगळे सांगतात. खंका तलावाकाठी हिमवादळात देर्सूने भराभर गवत कापायला लावलं आणि त्या आडोशाने आर्सेन्येव्हचा जीव वाचवला, ती एक. नजर अधू झाल्यावर आर्सेन्येव्हने त्याला खाबारोव्स्कला घरी आणलं आणि पाण्याला पैसे मोजायचे हे देर्सूला पटेना, ती दुसरी. (काल मामांनी आमच्या वीस लिटरच्या कॅनचा भाव विचारला. मी विषय बदलला.) पुढे देर्सू रानाकडे परत निघाला आणि मार्च १९०८ मध्ये कोर्फोव्स्काया स्टेशनाजवळ त्याचा खून झाला. हे आज मनात यायला नको होतं.

मी मात्र शाळेत नेहमी झोपडीचीच गोष्ट सांगत आलो. रानातल्या एका पडक्या झोपडीत त्यांनी मुक्काम केला. निघताना देर्सूने तिची डागडुजी केली, सुकी लाकडं रचली आणि थोडे तांदूळ, मीठ, काडेपेटी झाडाच्या सालीत गुंडाळून ठेवली. स्वतः तो तिथे परत येणार नव्हता. पुढे कुणी येईल त्याच्यासाठी होतं ते. आर्सेन्येव्ह थक्क झाला, आणि गोष्ट सांगताना मी कायम त्याच्याच जागी उभा असायचो. आज पहिल्यांदा वाटलं, मी त्या झोपडीत मागाहून आलेला कुणीतरी आहे. सालीतले तांदूळ मला मिळाले. त्या पोरालाही मिळाले.

हे वाटल्यावर पोटात खड्डा पडला. मग हळूहळू तोही भरत गेला. मामा ज्याला पाणी दाखवतात त्याच्याकडे आधी किती दिवस नुसतं बघतात, ते मला ठाऊक आहे. त्या पोराकडेही बघितलं असणार.

तरीपण. ओंजळ आधी माझ्यापुढे धरली होती. त्याच्यापुढेही धरली का, हे विचारावंसं फार वाटतंय. विचारणार नाही.

मामा शुक्रवारी जायचं म्हणतायत. ‘मास्तर, घर चांगलं आहे खरं हितं झोप लागत नाही.’ डॉक्टरांनी महिनाभर चुलीचा धूर टाळायला सांगितलाय. त्या घरात तो कसा टाळणार, मला कळत नाही. पोरगा बारापेडेला दर पंधरवड्याला जातो, थेंब पडतायत की नाही ते वाटेत बघेन म्हणाला. त्याचा नंबर घेतलाय. रविवारी जेवायलाही बोलावलंय. मासे खातो का, ते तेवढं उद्या फोन करून विचारायला हवं.