रिस्टार्टच्या आधीची दोन मिनिटं

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शाखेतून फोन आला. "साहेब, सगळे काउंटर अडकलेत. स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय." एका पतसंस्थेचा जावामधला पेमेंट सर्व्हर मी सांभाळत होतो आणि त्या महिन्यातली ही तिसरी वेळ. आधी दोनदा आम्ही घाईने रिस्टार्ट केलं होतं. काम सुरू झालं, कारण मात्र पुसलं गेलं.

लॉगिन करून पाहिलं तर सीपीयू दोन टक्क्यांवर. मेमरी मोकळी, डेटाबेस निवांत, लॉगमध्ये एकही एरर नाही. डेडलॉक म्हणजे दोन कामं एकमेकांची वाट पाहत कायमची अडकणं. त्याची मला हीच भीती वाटते, सर्व्हर आजारी दिसतच नाही.

मॅनेजर मागे येऊन उभे. "अरे, आधी रिस्टार्ट मार!"

"सर, दोनच मिनिटं द्या."

जेस्टॅक हे जावाचं साधन चालवून थ्रेड डंप घेतला, म्हणजे सर्व्हरमधला प्रत्येक थ्रेड, एकाच वेळी चालणारं प्रत्येक काम, त्या क्षणी कुठे थांबलंय याची नोंद. दहा सेकंदांनी आणखी एक, आणि मगच रिस्टार्ट केलं.

डंपच्या तळाशीच होतं, डेडलॉक सापडला म्हणून. एक थ्रेड ग्राहकाचं खातं धरून वीजबिल वसुली खात्यासाठी थांबलेला. दुसऱ्याने वसुली खातं धरलेलं आणि त्याला हवं होतं नेमकं तेच ग्राहकाचं खातं. डेटाबेस अशा वेळी एक व्यवहार रद्द करून मोकळा होतो, जावाचं सिंक्रोनाइज्ड लॉक, एका वेळी एकाच थ्रेडला खातं हाताळू देणारं कुलूप, कुणी काढून घेत नाही. मग पुढचं प्रत्येक बिल वसुली खात्यापाशी येऊन थांबत गेलं, आमचं ॲप चालवणाऱ्या टॉमकॅट वेब सर्व्हरचे 200 च्या 200 थ्रेड अडकेपर्यंत.

आणि अकराच का? दुबार भरलेल्या बिलांचे परतावे देणारा जॉब अकराला सुटायचा. भरणा ग्राहकाकडून वसुलीकडे, परतावा उलटा, आणि आमचा कोड आधी देणाऱ्या खात्याला लॉक करायचा, मग घेणाऱ्या खात्याला.

कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी 1971 साली डेडलॉकच्या चार अटी मांडल्या. त्यातली एक मोडली तरी पुरते. टाइमआउट लावू, असं कुणी सुचवलं. मला पटलं नाही, अर्धवट व्यवहार मागे फिरवण्याची भानगड वाढली असती. आम्ही त्या चारांपैकी एक अट, एकमेकांची वाट पाहण्याचं चक्र, हीच तोडली. पैसे कुठूनही कुठे जावोत, लहान क्रमांकाच्या खात्याचं लॉक आधी. बदल सहा ओळींचा.

रात्री त्याच दोन खात्यांत दोन थ्रेड समोरासमोर सोडले, प्रत्येकी एक लाख व्यवहार. जुना कोड बघता बघता गप्प झाला. नवा शेवटपर्यंत गेला आणि दोन्ही खात्यांची बेरीज पैशापर्यंत जुळली.